खळ लावलेली रॅकेट

टेनिसमध्ये मी शिरले ती खेळणाऱ्यांच्या दारानं शिरले नाही, जाळी बांधणाऱ्यांच्या दारानं शिरले. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण अलीकडे कुठल्या कार्यक्रमाला बोलावलं की ओळख करून देणारी माणसं माइक हातात घेऊन 'लहानपणापासून घरात टेनिसचे संस्कार' वगैरे सुरू करतात आणि मला खुर्चीत बसल्या बसल्या हसू दाबावं लागतं. आमच्या घरात संस्कार होते ते हातमागावरच्या धोट्याचे. नागपुरात महालाच्या पलीकडे कोष्ट्यांच्या गल्लीत आमचं तीन मागांचं घर. पुढच्या लांबट खोलीत जमिनीत खड्डे करून बसवलेले माग, मागे स्वयंपाकघर, त्यामागे विहिरीपुरतं अंगण, आणि झोपायचं ते मागांच्या मधल्या पट्टीत, उशाशी सुताच्या लडी घेऊन. सकाळी कुणाला हाक मारून उठवावं लागत नसे. आधी बाबांचा माग सुरू व्हायचा, मग आईचा, मग शेजारच्या भिंतीपलीकडचा, आणि थोड्या वेळात सगळी गल्ली खटकायला लागायची. मी पुढे जगभर हॉटेलांच्या गुबगुबीत गाद्यांवर झोपले, पण सकाळच्या त्या शांततेत मला हमखास उशीर व्हायचा. गजराचं घड्याळ हे मला कधी पुरेसं वाटलंच नाही.

तिसरा माग मोठीआईचा. मोठीआई म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. मोठे बाबा मी जन्मायच्या आधीच गेले, मूलबाळ नव्हतं, आणि त्यांचा माग बंद ठेवण्याऐवजी मोठीआई स्वतःच त्या खड्ड्यात पाय सोडून बसली. तेव्हापासून घर तिच्या शब्दावर चालायचं. आज भाजी कोणती इथपासून कुणाचं लग्न कुठं इथपर्यंत. आई-बाबा दोघंही तिला वहिनी म्हणायचे आणि तिच्यापुढे दोघांचाही आवाज सारखाच लहान व्हायचा. रविवारी मात्र स्वयंपाकघराचा ताबा बाबांकडे. धने, खसखस, दगडफूल, काळी मिरी भाजून पाट्यावर वाटायला बसले की गल्लीच्या तोंडापर्यंत वास जायचा, आणि मटणाच्या रश्शावर तेलाचा तवंग बोटभर आला नाही तर मोठीआई ताट पुढे सरकवून म्हणायची की भाऊजी, आज दवाखान्यातलं जेवण आहे काय. बाकी सहा दिवस ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि अंबाडीची भाजी. त्या जवसाच्या चटणीवर मी चौदा वर्षं टेनिस खेळले असं मी आहारतज्ज्ञांना सांगते तेव्हा ते लिहून घेत नाहीत.

गल्लीत मोठीआईचं नाव होतं ते खळीसाठी. माग लावायच्या आधी ताण्याचं सूत, म्हणजे कापडाचे उभे धागे, पहाटेच गल्लीभर ताणून पसरायचे आणि भाताच्या पेजेची खळ लावून मोठ्या कुंच्यानं ते झाडून घ्यायचे. याला पांजणी म्हणतात. खळ कमी पडली तर धागा मागावर तुटतो, जास्त झाली तर कडक होऊन तुटतो. त्या दिवशी सायकलवाले खाली उतरून भिंतीला चिकटून जायचे आणि दूधवाला कोपऱ्यावरूनच ओरडायचा. पांजणी कुणाच्याही घरची असो, पातेलं उतरवायच्या आधी गंगाबाईला बोलवा, असं ठरलेलं होतं. गंगाबाई म्हणजे आमची मोठीआई. ती यायची, गरम खळ दोन बोटांत घ्यायची, बोटं जोडून सोडवायची आणि 'अजून एक उकळी' किंवा 'झाली' एवढंच म्हणायची. चाळीस वर्षांत तिची खळ चुकली असं कुणी म्हटलं नव्हतं. तिचा आणखी एक नेम होता. जे विणायचं मनात नाही त्या ताण्याला ती हात लावत नसे. शेजारी कितीही मागं लागले तरी, आधी ठरवून ये, मग खळ लावू, असं सांगून परत पाठवायची. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते यावरूनच झालं.

बाबा क्लबात पोचले ते एका फाटक्या नेटमुळे. सिव्हिल लाइन्समध्ये साहेबलोकांचा एक क्लब होता, लाल मुरमाची चार कोर्टं असलेला. मधली नेट फाटली होती आणि कुणीतरी म्हटलं की कोष्टी बोलवा, तो सांधेल. बाबांनी ती अशी सांधली की कुठं फाटली होती ते सापडेना. मग सेक्रेटरींनी एक तार तुटलेली रॅकेट पुढे केली. बाबांनी ती उलटसुलट केली, उभे धागे पाहिले, आडवे धागे पाहिले, आणि म्हणाले की हे तर आमचंच काम आहे, एक वरून एक खालून. दोन महिन्यांत क्लबातल्या सगळ्या रॅकेटा आमच्या घरी यायला लागल्या. मशीन नव्हतं. मोठ्या बाबांच्या मागाच्या तुळईला तार बांधून बाबा ती अंगाच्या जोरानं ताणायचे, आणि किती ताणली ते बोटानं छेडून कानानं ठरवायचे. आता मी ज्या मुलांना शिकवते त्यांची तार संगणक ताणतो आणि पडद्यावर आकडा दाखवतो. तरी मी रॅकेट हातात आली की आधी कानाशी नेते, आणि मुलं एकमेकांकडे बघतात.

यात बाबांनी एक लबाडी केली होती. चांगल्या रॅकेटची तार तेव्हा जनावराच्या आतड्याची असायची. रविवारी मटण खाणारं आमचं घर, त्यामुळे आतड्याचं कुणाला काही नव्हतं, पण दसऱ्याला ज्या मागाची पूजा होते त्याच्या तुळईला आतडं बांधलेलं मोठीआईला चाललं नसतं. तिनं एकदा विचारलं की हे कायचं सूत आहे. बाबा म्हणाले, परदेशी रेशीम आहे, वहिनी. तिनं बोटानं चाचपून पाहिलं, चांगलं पिळदार आहे म्हणाली, आणि विषय संपला.

तार घालून झाली की रॅकेट तपासायला कुणीतरी हवं. बाबांचे हात कामात, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. गल्लीच्या टोकाला एका गोदामाची आंधळी भिंत होती, तिथं मी साहेबलोकांच्या रॅकेटा घेऊन जायची आणि जुना चेंडू भिंतीवर मारून 'ही ढिली आहे', 'ही बरी आहे' असं सांगायची. मी अकरा वर्षांची असेन. नागपुरातल्या डॉक्टर-वकिलांच्या रॅकेटा त्यांच्या आधी मी खेळून घेतल्या आहेत. एकदा रॅकेट पोचवायला बाबांबरोबर क्लबात गेले तेव्हा तिथले मार्कर दामूजी, म्हणजे सभासदांशी खेळायला क्लबानं ठेवलेले खेळाडू, रिकामे बसले होते. गंमत म्हणून त्यांनी मला चेंडू टाकले. दहा मिनिटांनी ते गंमत विसरले. त्यानंतर पाच वर्षं, सकाळी घरच्या धोट्यांसाठी सुताच्या कांड्या भरून झाल्या की मी बाबांच्या सायकलवर मागे बसून क्लबात जायची आणि सभासद यायच्या आत दामूजींशी खेळून घ्यायची. दामूजींनी मोडक्या रॅकेटचा सांगाडा दिला, बाबांनी तिला तार घातली, आणि ती माझी झाली. एकच होती, पण माझी होती.

मोठीआईला हे सगळं माहीत होतं आणि ती त्याला 'थे भितीवरचं' म्हणायची. भितीवरचं संपलं का, दळण घेऊन ये. आईनं मला पांढरा स्कर्ट शिवला तेव्हा तिनं तो दोन बोटांनी उचलून, बाकीचं कापड कुठं आहे, असं शांतपणे विचारलं. खरा प्रश्न उभा राहिला मी सोळा वर्षांची असताना. पुण्याला मुलींसाठी वर्षभराचं शिक्षण होतं, राहणं-खाणं-शाळा सगळं तिथंच, आणि विदर्भातून एकच मुलगी जाणार होती. शेवटी उरलो दोघी, मी आणि नीलिमा. नीलिमा एका मोठ्या अधिकाऱ्याची मुलगी, माझ्यापेक्षा वीतभर उंच. आमची मॅच क्लबातच व्हायची होती आणि ती पाहायला पुण्याहून एक निवृत्त मेजर येणार होते. त्याच आठवड्यात उमरेडहून माझ्यासाठी स्थळ आलं. चांगलं घर, पाच माग, मुलगा निर्व्यसनी. आई-बाबा दोघंही मोठीआईच्या तोंडाकडे पाहत होते. तिनं दोन दिवस माग चालवला आणि तिसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं, "मी एक डाव सोताच्या डोयानं पाहीन. पटलं त जाईन पोरगी पुन्याले. नाही पटलं त उमरेड. मंग कोनी मले काही म्हनाचं नाही." ती बोलली आणि पुन्हा भाकर मोडायला लागली. माझा घास तसाच हातात राहिला.

मॅचच्या दिवशी बाबा अंधार असतानाच क्लबात गेले, नेट बांधायला आणि मुरूम दाबायला. थंडी होती. मी आंघोळ करून आले, खुंटीवरची रॅकेट घ्यायला गेले, तर खुंटी रिकामी. रॅकेट मोठीआईच्या मांडीवर होती. ती शेगडीजवळ बसली होती, बाजूला खळीचं पातेलं, हातात लहान कुंचा, आणि निखाऱ्यावर धरून ती रॅकेट फिरवत होती, पापड भाजावा तशी. तारा पांढुरक्या झाल्या होत्या आणि चमकत होत्या. पेजेचा आंबूस वास सगळ्या खोलीत होता. मला पाहून ती म्हणाली, "कोरडा ताना तुटते. मी दोन हात मारले. आता दिवसभर काही होत नाही त्याले."

दामूजींनी मला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट म्हणजे आतड्याला पाणी लागू द्यायचं नाही. पावसाचे चार थेंब आले तरी आम्ही रॅकेट पोटाशी धरून पळायचो. आणि इथं दोन हात खळ, वर निखाऱ्याची धग. मी रॅकेट हातात घेतली आणि बोटानं तार छेडली. टण आवाज यायचा तिथं थप आला. तार मेली होती. पण त्याच क्षणी मला दुसरंही कळलं, आणि ते इतकं मोठं होतं की पहिलं बाजूला पडलं. जे विणायचं नाही त्याला मोठीआई खळ लावत नाही. मॅच पाहायच्या आधीच, कुणाला न सांगता, तिनं हो म्हटलं होतं. मला रडूही आलं आणि हसूही. मी म्हटलं, "चांगली झाली, मोठीआई." ती म्हणाली, "चांगलीच होते. चाल, रिक्षा थांबून आहे."

क्लबात मोठीआई स्वतः विणलेलं हिरवं लुगडं नेसून पहिल्या रांगेतल्या वेताच्या खुर्चीवर बसली, पाय वर घेऊन. सराव सुरू झाला आणि माझा पहिलाच चेंडू नेटच्या मुळाशी पडला. दुसरा तसाच. कोर्टाच्या कडेला उभ्या असलेल्या बाबांना डोळ्यांची गरजच नव्हती, त्यांना कानानं कळलं. टॉवेल द्यायच्या निमित्तानं ते आत आले, तारांवरून अंगठा फिरवला, रॅकेट नाकाशी नेली, आणि हळूच वहिनींच्या खुर्चीकडे पाहिलं. मग ते मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "दंव लागलं असन. खेळ, काही होत नाही." मी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. परदेशी रेशमाची गोष्ट त्यांना त्या वेळी किती महागात पडत होती ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

नीलिमानंही आवाज ऐकला होता. ती नेटजवळ आली आणि म्हणाली, "तुझी तार गेलीय बहुतेक. माझ्याकडे दुसरी आहे, घे ना." तिच्या बॅगेत तीन होत्या. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. मोठीआई टक लावून माझ्या हातातल्या रॅकेटकडे पाहत होती, आपलं लुगडं बाजारात कुणी अंगाला लावून बघत असलं की पाहायची तशी. मी नीलिमाला म्हटलं की नको, मला हीच सवयीची आहे. आज माझ्या एखाद्या विद्यार्थिनीनं असा शहाणपणा केला तर मी तिला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावीन. पण तेव्हा मला खरंच वाटलं की ती रॅकेट मी खाली ठेवली तर मोठीआईचं हो सुद्धा तिथंच खाली ठेवलं जाईल.

पहिला सेट मी जिंकले. कसा ते नीट सांगते, कारण माझी पुढची सगळी कारकीर्द त्यात आहे. नीलिमा जोरात मारणारी. तिला समोरूनही जोरात आलेला चेंडू आवडायचा. माझ्या रॅकेटमधून जोराचा चेंडू निघणं शक्यच नव्हतं. मी जीव खाऊन मारायची आणि चेंडू कसाबसा नेट ओलांडून पलीकडे बसकण मारायचा. नीलिमा मागच्या रेषेवर उभी, चेंडू नेटच्या पायाशी. ती धावत यायची, पोचायची नाही, परत जायची. तीन-चारदा असं झाल्यावर मला समजलं की हे मुद्दामही करता येईल. मग मी हात अर्ध्यातच थांबवायला लागले. पुढे ताश्कंदला, कोलंबोला, कुठंकुठं मी याच एका फटक्यावर पोट भरलं. मोठ्या स्पर्धांच्या मुख्य फेरीत मी कधी पोचले नाही, पण पात्रता फेरीत भल्याभल्या उंच मुलींना मी नेटपर्यंत पळवलं आहे. हा फटका कुणी शिकवला असं पत्रकार विचारायचे. मी दामूजींचं नाव सांगायची, कारण खरं सांगितलं असतं तर छापलं नसतं.

दुसऱ्या सेटमध्ये ऊन वर आलं आणि खळ वाळली. आता तारा एकमेकींवरून सरकायच्या, मधे बोट जाईल एवढी फट पडायची, आणि मी दर चेंडूनंतर नखानं त्या सरळ करत बसायची. नीलिमाही हुशार, ती आता पुढे येऊन उभी राहायला लागली. तो सेट मी बघता बघता घालवला. मधल्या विश्रांतीत तिनं पुन्हा रॅकेट पुढे केली, या वेळी मूठ माझ्याकडे करून. मी पुन्हा नको म्हटलं. बाबा दोन बोटं कपाळाला लावून उभे होते.

तिसऱ्या सेटमध्ये मी सर्व्हिस करायला हात वर नेला की प्रत्येक वेळी डोक्यावर बारीक पांढरा भुगा पडत होता. मला ते जाणवलंच नाही. मोठीआईला दिसलं. माग जोरात चालला की ताण्यावरची वाळकी खळ झडते आणि विणणाऱ्याच्या केसांवर, भुवयांवर बसते. आमच्या गल्लीत संध्याकाळी सगळी माणसं जराशी म्हातारी दिसायची ती त्यामुळे. तिनं चाळीस वर्षं तो भुगा लुगड्यानं पुसला होता. खुर्चीवरून उठून ती बाबांजवळ गेली. त्यांचं बोलणं मला बाबांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तिनं विचारलं, भाऊजी, खळ काहून झडून राहिली, रेशमावर त झडत नाही. बाबा टॉवेलची घडी घालायला लागले. तिनं विचारलं, रेशीमच आहे न ते. बाबांनी सांगितलं की नाही, वहिनी, आतडं आहे. ती कोर्टाकडे पाहत म्हणाली, "आतड्याले पानी लावलं म्या." बाबा म्हणाले, तुम्हाले मालूम नव्हतं. ती परत येऊन खुर्चीवर बसली, या वेळी पाय खाली सोडून.

तीन-तीन बरोबरी झाली आणि माझी तार तुटली. एक नाही, एकदम तीन. आता काही इलाजच उरला नाही, म्हणून नीलिमाची रॅकेट घेतली. दोन तास मेलेल्या रॅकेटनं जीव खाऊन मारायची सवय लागलेली, तोच हात मी त्या ताठ, नव्या रॅकेटला लावला आणि चेंडू कुंपणावरून थेट कडुनिंबात गेला. लोक हसले. मीही हसले. पण हात काही लवकर आवरेना, आणि तो आवरेपर्यंत नीलिमानं पुढचे तिन्ही गेम घेतले. तिनं नेटवरून वाकून माझ्या गळ्यात हात टाकले आणि सॉरी म्हणाली. आम्ही पुढे सहा वर्षं जोडीनं डबल्स खेळलो, आणि अजूनही तिचा फोन आला की पहिला प्रश्न असतो, आज कुठल्या रॅकेटनं खेळलीस.

मेजरसाहेब टेबलावर कागद भरत होते. मी तोंड धुवायला निघाले होते, तेवढ्यात मोठीआई उठली. कोर्टाच्या कडेशी येऊन तिनं चपला काढल्या, कारण दाबलेला मुरूम तिला सारवलेल्या अंगणासारखा वाटला असणार, आणि अनवाणी, सरळ कोर्टाच्या मधून, नेटला वळसा घालून ती टेबलापाशी गेली. माझ्या हातातली तुटकी रॅकेट तिनं वाटेतच काढून घेतली होती. मी आणि बाबा तिच्या मागून धावलो.

"साहेब," ती म्हणाली, "पोरगी हरली ते हरली. त्यात माहं काही म्हननं नाही. पन हे जाळी म्या भिजवली. सकाळी भाताची खळ लावली म्या हिले. पोरीले मालूम होतं, माह्या दिरालेबी मालूम होतं, दोघंबी बोलले नाही माह्यामुळं. तुमच्या कागदावर लिहा का चूक कोनाची होती."

मेजरसाहेबांनी रॅकेट घेतली, वास घेतला, तारेवरचा पापुद्रा नखानं काढून पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "या रॅकेटनं तू पहिला सेट घेतलास?" मी मान डोलावली. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि मोठीआईला म्हणाले की बाई, निकाल बदलता येत नाही, जागा एकच आहे आणि ती नीलिमाची झाली. मोठीआई म्हणाली, "बदला म्हनून मी कुठं म्हनून राहिली? लिहा म्हनून राहिली." आणि ते खरंच लिहायला लागले. लिहून झाल्यावर त्यांनी ते तिला वाचून दाखवलं आणि म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा निवड आहे, मुलीला येऊ द्या, फक्त कोरडी रॅकेट घेऊन. त्यावर मोठीआई चपला घालायला गेली. जाता जाता बाबांना म्हणाली की भाऊजी, रेशमाचं आपन घरी गेल्यावर पाहू.

बाबा सायकलनं मागून आले. रिक्षात आम्ही दोघीच. सीताबर्डीपर्यंत ती माझ्या केसांतला भुगा पदरानं झटकत बसली होती. मग तिनं विचारलं, "तुले सकाळीच समजलं होतं न?"

मी हो म्हटलं.

"मंग त्या पोरीची बॅट काहून नाही घेतली वं?"

मी म्हटलं, "तू पाहून राहिली होती."

तिचा हात माझ्या डोक्यावर थांबला. तिनं तोंड बाहेर वळवलं आणि बराच वेळ दुकानांच्या पाट्या पाहत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. मग तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला लागेल असा, आणि म्हणाली, "पुन्हा माह्यासाठी हरशीन त याद राख." त्यानंतर मी पुष्कळ मॅच हरले, काही तर अगदी हातात आलेल्या, पण कुणाचं मन राखायला एकही हरले नाही. तो धपाटा मला अजून बसतो.

रिक्षा आमच्या दारापर्यंत जायची, पण तिनं ती गल्लीच्या तोंडाशीच थांबवली. मला वाटलं, पाय मोकळे करायचे असतील. दुपारची वेळ, माग थांबलेले, बायका दारात सूत उकलत बसलेल्या. पहिल्याच दारात कुणीतरी विचारलं की काय झालं वं गंगाबाई, पोरगी जिंकली का. मोठीआई थांबली. दम घेतला, आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "हरली. माही खळ चुकली." त्या बाईच्या हातातली लडी तशीच राहिली. मोठीआई पुढच्या दारात गेली. तिथं कुणी विचारलं नव्हतं, तरी थांबून तेच सांगितलं. मग त्याच्या पुढच्या. मी तिचा पदर ओढला, राहू दे ना म्हटलं, पण ती काही ऐकेना. डावीकडचं दार झालं की उजवीकडचं. ज्या गल्लीत चाळीस वर्षं तिच्या दोन बोटांवर पातेली उतरत होती, त्या गल्लीतलं एकही दार तिनं सोडलं नाही. मी तिच्या मागून, तुटकी रॅकेट छातीशी धरून, प्रत्येक दारात उभी राहत गेले. माझे डोळे वाहत होते आणि मला ते पुसावेसेही वाटत नव्हते.

आई आमच्या उंबऱ्यात उभी होती. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग मोठीआईकडे.

"पोरगी हरली," मोठीआई म्हणाली. "उमरेडवाल्यायले निरोप धाडा, म्हना पोरगी रिकामी नाही. पुढच्या साली पुन्याले जाऊन राहिली."